बाटली वाढवण्याचा ठराव

दारूच्या थेंबाला मी आयुष्यात कधी शिवलेलो नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन बघतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण मुरबाडमध्ये अजूनही काही लोक मला 'बाटलीवाले सर' म्हणतात आणि नवीन बदली होऊन आलेल्या माणसाचा त्यावरून भलताच समज होतो. माझं नाव निमसे. मी हायस्कुलात गणित शिकवतो. ती बाटली माझी नव्हती, मंडळाची होती. आणि ती वाढली याला कारण मराठी भाषा आहे, मी नाही.

सन दोन हजार दोनच्या गणपतीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या मंडळाने त्या वर्षी हलता देखावा करायचं ठरवलं. विषय व्यसनमुक्ती. अध्यक्ष मंगळूशेठ, म्हणजे नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. त्यांचं म्हणणं असं की दरवर्षी मागे बसून पोरं दोऱ्या ओढतात आणि ऐन वेळी पान खायला जातात, तर या वर्षी सगळं संगणकावर चालवायचं. त्यांच्या भाच्याने टाकून दिलेला एक संगणक त्यांच्या माळ्यावर होता. मी कल्याणला जाऊन संगणकाचा कोर्स केला होता. त्या कोर्सात मी काय शिकलो हे मलाच नीट आठवत नव्हतं, पण गल्लीत दुसऱ्या कोणी तेवढंही केलेलं नसल्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी ते माझ्या मेहुण्याच्या गळ्यात घातलं. माझी बायको राही शहापूरची. तिचा धाकटा भाऊ संदेश ठाण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. मंडळाच्या पोरांना इंग्रजी टाईप करायचा कंटाळा, म्हणून मी त्याला म्हटलं, मराठीत चालणारी एक छोटीशी भाषा करून दे. त्याने दोन रविवार आमच्याकडे येऊन, राहीच्या हातच्या घावन-चटणीवर, ती करून दिली. मी तिचं नाव ठेवलं 'सूत्रधार'. फार सुटसुटीत भाषा होती. 'बेवडा पुढे' लिहिलं की बेवडा पुढे जायचा. 'बायको रड' लिहिलं की बायकोचा हात डोळ्याला लागायचा. एखादी गोष्ट मोठी करायची तर 'वाढव' आणि चाललेली गोष्ट तिथल्या तिथे तोडायची तर 'फोड'. या शेवटच्या दोन शब्दांवर नीट लक्ष ठेवा, मला ते जमलं नाही.

देखावा असा होता. एका बाजूला दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूला घर आणि मधे रुळांवरून सरकणारा पुठ्ठ्याचा बेवडा. पाठीमागे हिरव्या कापडाची भलीमोठी बाटली. बांबूच्या कड्यांवर कापड शिवलेलं होतं, मोटरने दोर ओढला की बाटली उंच व्हायची, दोर सुटला की भसकन खाली बसायची. बेवडा गुत्त्यात शिरला की 'बाटली वाढव'. घरात बायको रडते, पोरं उपाशी, बेवड्याला उपरती होते, की 'बाटली फोड'. आणि लगेच टेपवर आवाज, "सोडली गो, सोडली! थेंबाला शिवणार नाय आता!"

हा आवाज लडकूचा होता. लडकू आमच्या गल्लीतला वायरमन. मोटरी, वायरी, संगणकापासून बाटलीपर्यंतची सगळी जोडणी त्याचीच. हात सोन्यासारखा, पण दिवे लागले की तो गुत्त्याकडे वळायचा. आखाडात त्याची बायको जना कंटाळून धसईला माहेरी निघून गेली, आणि ती गेल्यावर लडकूने खरोखर सोडली. पण हे धसईला कोण सांगणार? सोडल्याच्या शपथा त्याने आधी इतक्यांदा घेतल्या होत्या की सासरा ऐकूनही घेईना. शेवटी त्याने धसईच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, 'देखावा बघायला ये. जे काय बोलायचं ते त्यात बोललोय.' दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरबरोबर जनाचा निरोप आला, 'बघीन. मंग ठरवीन.'

"सर," लडकू मला म्हणाला, "बाकी काय बी होऊ दे, शेवटाला बाटली पडली पायजे. ती पडली तरच मी बोलतो त्याला अर्थ हाय." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "लडकू, हे मशीन आहे. मशीन चुकत नाही." माणूस कोर्स करून आला की अशी वाक्यं बोलतो.

विघ्न आलं ते पोलीस ठाण्यातून. देखाव्यात बोलायचा मजकूर आधी नेऊन दाखवावा लागतो. आमच्या देखाव्यात बोलणं टेपवरचं एकच वाक्य, म्हणून प्रामाणिकपणे मी अख्खा प्रोग्रॅमच नेऊन जमादारसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला.

"बेवडा पुढे. बायको रड. बाटली फोड." ते थांबले. "कुणाच्या डोक्यात?"

"कुणाच्या नाही साहेब. नुसतीच फोडायची."

"नुसतीच कोण फोडतो?"

मी त्यांना सांगू लागलो की हे वाक्य नसून ही एका संगणकीय भाषेतली आज्ञा आहे. त्यांनी विचारलं, "मराठीच हाय ना?" म्हटलं, मराठीच. "मंग काढा," ते म्हणाले. "गणपतीत फोडाफोडीचा शब्द नको. उद्या कोण विचारलं तर मी काय सांगू, आज्ञा होती?"

मी मांडवात परत आलो आणि कार्यकारिणीपुढे विषय ठेवला. वाटलं होतं, सगळे जमादारांवर चिडतील. पण कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या बाईजा आजी म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. मास्तर, मी पयल्या दिवसापासून ऐकते, बाप्पाच्या पुढ्यात फोड फोड काय लावलंय? आपण नारळ तरी फोडतो का? वाढवतो."

सगळ्या मांडवाने माना डोलावल्या. खरंच की! नारळ आपण वाढवतो. बाईच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळूशेठ म्हणाले, "मी रोज सांजचा दुकान वाढवतो. वीस वर्सं झाली, पण हाय तेवढंच हाय." त्यावर हशा झाला आणि हशातच ठराव मांडला गेला की 'सूत्रधार' भाषेतली 'फोड' ही आज्ञा रद्द करून तिच्या जागी 'वाढव' ही आज्ञा घालण्यात यावी. सूचक बाईजा आजी, अनुमोदक मंगळूशेठ.

मी उभा राहिलो. म्हटलं, "पण 'वाढव' हा शब्द भाषेत आधीच आहे. त्याचा अर्थ वाढव असा आहे."

"मंग बरंच झालं," आजी म्हणाल्या. "नवा शब्द शिकाया नको."

या युक्तिवादात काहीतरी खोट आहे हे मला कळत होतं, पण ती नेमकी कुठे आहे ते सापडेना. अजूनही सापडलेली नाही. मी त्यांना म्हणालो की ठाण्याला विचारून सांगतो, आणि गल्लीच्या तोंडावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेलो. माझ्यामागून निम्मी कार्यकारिणी आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"संदेश, 'फोड'च्या जागी 'वाढव' करायचंय."

"'वाढव' आहे की भावजी."

"ते आहेच. हे दुसरं 'वाढव'."

"दुसरं म्हणजे काय?"

"म्हणजे फोड."

"मग 'फोड'च राहू दे ना."

"फोड म्हणायचं नाही. वाढव म्हणायचं आणि फोडायची."

"आणि वाढवायची असेल तेव्हा काय म्हणायचं?"

"तेव्हा वाढव."

मग तो म्हणाला, "ताई आहे का तिथे? तिला द्या जरा फोन."

मी त्याला जमादार, आजी, नारळ, बांगडी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. तो बिचारा समजूतदार आहे. म्हणाला, "भावजी, भाषा कुणीही करतो. भाषा बदलायची म्हणजे काम असतं. आधी लिहिलेलं सगळं मोडेल."

"मोडेल म्हणू नकोस," मी दबल्या आवाजात म्हणालो, "वाढेल म्हण." आणि माझं मलाच कळेना, मी कोणत्या बाजूचा आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की एका शब्दाला एकच अर्थ हवा. दुसरा शब्द शोधा, तो लगेच घालून देतो, पण एकाच शब्दाला दोन उलटे अर्थ देऊ नका. मला हे तंतोतंत पटलं. मी मांडवात येऊन छाती पुढे काढून सांगितलं की जगातल्या सर्व भाषाकारांचं मत आहे, एका शब्दाला एकच अर्थ असावा.

"मंग माणसं बोलतील काय?" बाईजा आजींनी विचारलं.

तरीपण दुसरा शब्द शोधायचा प्रयत्न झाला, हे नमूद केलं पाहिजे. त्या संध्याकाळी आरतीनंतर जी चर्चा झाली तशी चर्चा आमच्या शिक्षकांच्या मीटिंगमध्ये कधी होत नाही. मी 'बाटली बंद' सुचवलं. मंगळूशेठ दचकले. बंद म्हटला की त्यांना दुकानावर येणारे दगड आठवतात, आणि जमादार तर आम्हालाच बंद करतील असं त्यांचं मत पडलं. कोणीतरी 'विसर्जन' म्हणालं. आजींनी कानांवर हात ठेवले, बाप्पा अजून बसलेत आणि तुमी विसर्जन काय बोलता! मी म्हटलं, बरं, 'बाटली खाली कर'. यात तरी काही वाईट नाही.

लडकू इतका वेळ पाना घेऊन मोटरीजवळ बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "सर, बाटली खाली कर म्हंजे पिऊन टाक."

"मग 'बाटली लहान कर'?"

"लहान म्हंजे क्वार्टर. खंबा सोडून क्वार्टर घ्या असं शिकवायचं हाय का आपल्याला?"

"उतरव?"

"ती सकाळी आपली आपण उतरते."

दारूने मराठीत इतके शब्द आधीच अडवून ठेवले असतील याची मला कल्पना नव्हती. शेवटी मतदान झालं आणि 'वाढव'च्या बाजूने सगळे हात वर आले. विरोधात संदेशचं एक मत, तेही ठाण्याहून, त्यामुळे ते धरलं गेलं नाही. मी तटस्थ राहिलो. तटस्थ राहणं हे गणिताच्या शिक्षकाला शोभून दिसतं असं मला वाटलं होतं, पण मंगळूशेठ म्हणाले, "सर बाजूनंच हायेत, लाजतात."

घरी आलो तर डोक्यात नुसता भुंगा. राहीने विचारलं, "वाढू का?" मी ताडकन म्हणालो, "कुठल्या अर्थाने?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं, ताट वाढून पुढे सरकवलं आणि संदेशला परस्पर फोन केला, हे मला नंतर कळलं.

जेवताना मात्र मला तोडगा सुचला. आपल्याला कसं कळतं, वाढव म्हणजे मोठं कर की फोड? आधी काय झालंय ते बघून! जी बाटली अजून उभीच नाही ती कोण फोडेल? आणि जी पूर्ण उभी आहे ती आणखी काय वाढणार? म्हणजे पहिल्यांदा 'बाटली वाढव' म्हटलं की बाटली उंच व्हावी, दुसऱ्यांदा म्हटलं की पडावी. शब्द एक, अर्थ दोन, आजी खूश, जमादार खूश. मी तसाच खरकट्या हाताने उठलो. राही म्हणाली, हात धुवा आधी.

बूथवरून लावलेल्या फोनवर संदेशने ऐकून घेतलं. "होईल," तो म्हणाला, "पण भावजी, कितव्यांदा म्हटलं ते मशीनला लक्षात ठेवावं लागेल."

"ठेवेल की. मशीन आहे."

"हो, पण मधेच जर..." आणि इथे मांडवात पुन्हा आरतीची कॅसेट सुरू झाली. पुढचं काही मला ऐकू आलं नाही. मी दोन-तीनदा "हो हो, चालेल" असं म्हटलं. समोरच्याचं ऐकू येत नसलं तर आपण असंच म्हणतो.

दोन दिवसांनी येऊन त्याने भाषा बदलून दिली. 'फोड' कायमची काढून टाकली. तालीम घेतली. बाटली वाढव, बाटली वर. बाटली वाढव, बाटली भसकन खाली. टाळ्या पडल्या. जमादार स्वतः येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बघा, शब्द बदलला की कसं शोभतं." लडकूने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, नक्की ना?" मी म्हटलं, "लडकू, आता तर व्याकरणसुद्धा आपल्या बाजूने आहे."

पाचव्या दिवशी परीक्षक येणार होते. शहापूरचे निवृत्त मुख्याध्यापक पष्टे गुरुजी, मोठे शिस्तीचे म्हणून दोन्ही तालुक्यांत नाव. आणि त्याच दिवशी दुपारच्या गाडीने जना आली. मी तिला पाहिलं ते थेट मांडवात, बायकांच्या पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट धरून बसलेली. लडकूकडे तिने एकदाही पाहिलं नाही. लडकूने मात्र एक वायर पाच-सहा वेळा सोडून परत जोडली, जी मुळात नीटच होती. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. मला त्या माणसाबद्दल तेव्हा फार वाईट वाटलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण कळफलकावर मी बसणार होतो.

देखावा सुरू झाला. बेवडा पुढे. गुरुजींनी मान डोलावली. बेवडा गुत्त्यात. बाटली वाढव. हिरवी बाटली थरथरत उंच उंच गेली, पोरं ओरडली. बायको रड. बायका खरंच हळहळल्या. जनाचा पदर डोळ्याकडे गेल्यासारखा वाटला. आता बेवड्याला उपरती होणार, तेवढ्यात लाइट गेली.

मुरबाडात लाइट जाण्याला कोणी घटना समजत नाही. लोकांनी बॅटऱ्या लावल्या, शेंगदाण्याच्या पुड्या सोडल्या. पष्टे गुरुजींनी घड्याळ पाहिलं, त्यांना अजून दोन मंडळं करायची होती. थोड्या वेळाने लाइट आली, संगणक कुंई करून पुन्हा उठला. बाटली दोराच्या खुंटीवर तशीच उभी होती. मी पहिल्यापासून सुरू करणार, तर मंगळूशेठ कानात म्हणाले, "सर, पयल्यापासनं नको. गुरुजी निघतील. जिथं थांबलं तिथनं घ्या."

जिथं थांबलं होतं तिथे पुढची ओळ होती 'बाटली वाढव'. दुसऱ्यांदाची. म्हणजे पाडायची. मी टाईप केली आणि ठरल्याप्रमाणे लडकूने टेपचं बटण दाबलं. टेप सेलवर होता, त्याला लाइटीची फिकीर नव्हती.

"सोडली गो, सोडली!" लडकूचा आवाज मांडवभर घुमला.

आणि बाटली वाढली.

संदेश आरतीच्या आवाजात काय सांगत होता ते मला त्या क्षणी ऐकू आलं. लाइट गेली तर मशीन विसरणार. मशीनच्या लेखी आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याला 'बाटली वाढव' म्हणत होतं. मोटर दोर ओढतच राहिली. बाटलीचं बूच मांडवाच्या छताला लागलं. छत वर उचललं गेलं. वरून झुरमुळ्या, दोन ट्यूबलाइट आणि कोणाची तरी मागच्या वर्षीपासून अडकलेली चप्पल खाली आली.

"थेंबाला शिवणार नाय आता!" टेप म्हणाला.

"फोडा!" मंगळूशेठ ओरडले. "सर, फोड लिहा, फोड!"

मी 'फोड' लिहिलं. पडद्यावर आलं, 'आज्ञा समजली नाही'. कशी समजेल? आम्हीच ठराव करून काढली होती. मग सुचलं, परत 'वाढव' म्हटलं पाहिजे, ते दुसऱ्यांदाचं होईल. पण सगळी कार्यकारिणी माझ्या पाठीवर ओणवी होऊन एकाच वेळी "वाढव!", "नको वाढव!" असं ओरडत होती. मी 'बाटली वढव' लिहिलं. आज्ञा समजली नाही. 'बाटली वाडव'. आज्ञा समजली नाही. बाईजा आजी हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, आता काय बी बोला, पण थांबवा!"

लडकू प्लगकडे धावला, पण प्लग मांडवाच्या पलीकडे शेंगदाणेवाल्याच्या गाडीमागे होता आणि मधे अख्खी गर्दी हसत उभी होती. तो जागच्या जागीच उभा राहिला. त्याच्या आवाजातला टेप पुन्हा पहिल्यापासून लागला होता, "सोडली गो, सोडली!" आणि दर वेळी सोडली म्हटलं की बाटली आणखी वीतभर वर जायची. लोक डोळे पुसून पुसून हसत होते. लडकू नाही हसला. त्याने जनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेव्हा जना उठली. पदर खोचला, स्टेजवर चढली, रुळांवरचा बेवडा एका हाताने बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी बाटलीची मान धरून सगळं अंग घालून खाली ओढली. कापड टर्रकन फाटलं, बांबू कडकडले, दोर तुटला आणि ती अख्खी हिरवी बाटली तिच्या पायाशी येऊन पडली. मोटर नुसतीच फिरत राहिली. मांडवात जी टाळी पडली ती नाक्यापर्यंत ऐकू गेली असणार.

टेप बंद झाला होता. जना धापा टाकत लडकूकडे वळली.

"खरंच सोडलीस?"

"सोडली," लडकू म्हणाला.

"मंग ही बाटली?"

"ती सरांची हाय."

तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचं बोलला नाही, कळफलकावर मीच होतो, पण समोर चारशे माणसं होती, त्यांत माझे नववीचे दोन वर्ग होते आणि पष्टे गुरुजी. गुरुजी माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "निमसे, यातून समाजाने बोध काय घ्यायचा?" मी म्हणालो, "गुरुजी, एका शब्दाला एकच अर्थ असावा." त्यांनी दोन वेळा मान हलवली आणि ते निघाले. पुढे आम्हाला 'उत्कृष्ट लोकसहभाग' असं एक उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. जना देखाव्याचाच भाग होती असं त्यांना वाटलं, आणि मंगळूशेठनी तो समज तसाच राहू दिला.

गर्दी पांगली. धसईची शेवटची गाडी स्टँडवर लागल्याचा हॉर्न आला. आम्ही कार्यकारिणी बांबू गोळा करत होतो. जनाने खुर्चीखालची आपली पिशवी ओढून काढली आणि म्हणाली, "येते मी."

आता पंचाईत बघा. आपल्याकडे निघालेलं माणूस कधी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. आणि खरोखर येणारं माणूससुद्धा 'येते'च म्हणतं. मी बाईजा आजींकडे पाहिलं, त्यांनी मंगळूशेठकडे, शेठनी हातातल्या बांबूकडे. कोणाला काही कळलं नव्हतं, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. शेवटी लडकूनेच विचारलं. इतका रडवेला आवाज त्या टेपवर घेतला असता तर पहिलं बक्षीस आमचंच होतं.

"येतीस म्हंजे... येतीस का जातीस? नीट सांग गो. माला कळत नाय."

जनाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मशीन हास का रे तू?" ती म्हणाली. "धर पिशवी."

लडकूने पिशवी घेतली आणि तो एका अंगाला कललाच, इतकी ती जड होती. स्टँडचा रस्ता डावीकडे होता. ती दोघं उजवीकडे, लडकूच्या घराकडे वळली. ती पुढे आणि तो दोन पावलं मागे.

मला काही केल्या उलगडेना. घरी जाताना मी राहीला म्हटलं, "बाटली पडली नसती तर काय झालं असतं गं? ती वाढल्याबरोबर मला वाटलं, लडकूचा संसार संपला. आणि एका संध्याकाळच्या देखाव्याला आलेल्या बाईची पिशवी एवढी जड कशी?"

"दुपारी गाडीतून उतरली तेव्हाच जड होती," राही म्हणाली. "दोन हातांनी ओढत आणली तिने. सगळ्या गल्लीने बघितली. तुम्ही मशीनकडे बघत होतात."